आधी कढत, मग विसण

वन्सं, काचेवर धूळ बसलीय.

तेराव्याला आलेली माणसं काल आपापल्या एसटीने गेली. आज उन्हं वर आल्यावर मी गच्चीवर गेले, उगाचच, आणि पाहिलं तर उन्हावर पाणी तापवायच्या काचेवर हा थर. द्राक्षाच्या गाड्या सुरू झाल्या की रस्त्याची सगळी माती उडून आपल्या गच्चीवर येते, हे काय तुम्हाला सांगायला हवं? मी बोटाने त्यावर एक रेघ ओढली आणि तिथंच थांबले. मागून आवाज येणार म्हणून. ‘वयनी, चित्रं काय काढतीस? फडकं घी हातात.’

आवाज आला नाही. खाली कुणाचा तरी रेडिओ चालू होता.

तुम्हाला मी कधी काही लिहिलं नाही. एका घरात राहणाऱ्या बायका एकमेकींना पत्रं लिहीत नाहीत, भांडतात. शिवाय तुम्हाला अक्षर येत नव्हतं, आणि मी लिहिलेला कागद तुमच्या हाती लागता तर तो तुम्ही चुल्हाणात सारून वर म्हणाला असतात, ‘वयनीचं लिवनं झकास पेटतं.’ म्हणून आज थोडा धीर आलाय. आज तुम्ही हा कागद ओढून घेऊ शकत नाही.

तुम्ही माझ्या नणंद, यांच्या थोरल्या बहीण. मी लग्न होऊन या घरात आले त्याच्या आधीच तुम्ही सटाण्याहून कपाळ पुसून माघारी आला होतात. पदरी मूल नाही, हातात एक पत्र्याची पेटी. वडिलांनी ‘राहा’ म्हटलं, भावाने ‘आपलंच घर आहे’ म्हटलं. पण घरात राहायला मिळणं वेगळं आणि घरात जागा असणं वेगळं. ती जागा तुम्ही स्वतः केलीत. न्हाणीच्या भिंतीला लागून, चुल्हाणापाशी. अजून चांदण्या असायच्या तेव्हा तुम्ही उठून जाळ करायचात आणि हंडे चढवायचात. निफाडची थंडी म्हणजे काय हे बाहेरच्यांना कळत नाही. बागांतून पहाटे शेकोट्या पेटवाव्या लागतात, मणी गारठून फुटू नयेत म्हणून. अशा थंडीत सासरे, गडीमाणसं, पोरं, पाहुणे, बाळंतिणी, कुणाचाही दिवस तुमच्या हाताखालून गेल्याशिवाय सुरू व्हायचा नाही. ही फुकट खाते असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. पारोसं माणूस कुणाला काय बोलणार!

आणि अशा तुमच्या राज्यात मी आले, देवळाली कॅम्पातून. वडील तिथं कारकून. मी मॅट्रिक. साहेब लोकांच्या बंगल्यांवरून शाळेत जाता-येता मलाही वाटायला लागलं होतं की आपण थोड्या साहेबच आहोत. पहिल्या सकाळी मी न्हाणीत चपला घालून गेले. आठवतं? तुम्ही माझ्या पायांकडे पाहिलंत, मग तोंडाकडे, आणि एवढंच म्हणालात, ‘उद्या जाळ तू कर.’

दुसऱ्या दिवशी मी अख्खी काड्यापेटी संपवली. ओली बाभूळ खाली, वाळकी चिपाडं वर. कॅम्पातल्या शहाणीची रचना! धूर असा कोंडला की मामंजी बाहेर येऊन विचारू लागले, गंजीला आग लागली की काय. तुम्ही भिंतीला टेकून बघत होतात.

‘तुमच्या कॅम्पात सूर्य उतरतो व्हय चुलीत, पानी तापवायला?’

मी रडले. तुम्ही म्हणालात, ‘रडून घी. धूर हाय तवर कुनाला कळत नाय.’ मग लाकडं काढून पुन्हा रचलीत आणि एका काडीत पेटवलंत.

विसणाचा, म्हणजे कढतात गार मिसळायचा, धडा त्याच सकाळी. हे पंचा गुंडाळून कुडकुडत उभे होते. मी घंगाळात आधी आडाचं गार पाणी ओतलं आणि त्यावर हंड्यातलं कढत ओतायला लागले. तुम्ही माझं मनगट असं धरलंत की बांगडी पिचली.

‘मड्याला घालतीस का माझ्या भावाला?’

मला काही कळेना.

‘जित्या मानसाला आधी कढत, मग विसण. आधी गार आन त्यावर कढत, ती जानाऱ्याची आंघूळ. त्या कॅम्पात एवढं बी शिकवत नायत?’

मी मनात म्हटलं, कसल्या अडाणी घरात पडले मी. पाणी ते पाणी. आधी हे घातलं काय नि ते घातलं काय, मिसळल्यावर त्याला काय आठवतं? हे मी तुम्हाला पुढे कितीदा ऐकवलं असेल. तुम्ही म्हणायचात, ‘पान्याला नसंल आठवत. हाताला आठवतं.’ पण त्या दिवसानंतर मी कधी उलटं ओतलं नाही. वर्षानुवर्षं, कॅम्पात माहेरी गेले तरीसुद्धा. शहाण्यांचं हे असंच असतं, वन्सं. तोंड एक बोलतं, हात दुसरंच करतो.

बहात्तरच्या दुष्काळाने आपली बाभळीची रांग खाल्ली. गावात जळण मिळेना. तुम्ही सड, शेणी, काट्या, काय मिळेल ते गोळा करत नदीच्या काठाने दूरवर जायचात, आणि तरीही पहाटे हंडा तापलेला असायचाच. पुढे यांनी बाग लावली. एप्रिलच्या छाटणीत काड्यांचे ढीग पडले तेव्हा तुम्ही ते परसात असे रचलेत की जणू सोनं आलं. ‘वयनी, ह्यांचा जाळ बघ. बाभळीसारखा दांडगा नाय, पन बोलतो किती.’ द्राक्षाच्या काड्या जळताना तडतडतात. तुम्हाला ते बोलणं वाटायचं.

पण तोवर धुराने आपलं काम केलं होतं. तुमचे डोळे सदा लाल, पाझरणारे. आणि खोकला. घरात गजराचं घड्याळ होतं, पण आम्ही उठायचो तुमच्या खोकल्यावर. त्याचं आम्हाला काही वाटेनासं झालं होतं, हेच वाईट.

मग ते शेतकी प्रदर्शन. निफाडला मांडव पडला होता. औषधं, फवारे, नवीन जातीची कलमं. एका कोपऱ्यात कुणा पाहुण्या इंजिनियराने काळा पत्रा, त्यावर काच, आत तांब्याच्या नळ्या आणि वर आडवी टाकी असं मांडलं होतं. उन्हावर पाणी तापतं म्हणे. वीज नको, लाकूड नको. मी नळाखाली हात धरला आणि ओरडलेच, भाजला. भाजल्याचा एवढा आनंद झालेली बाई त्या मनुष्याने पाहिली नसावी. मी मागे वळून म्हटलं, ‘वन्सं, बघा! आला की नाही सूर्य चुलीत?’ इतक्या वर्षांचं उट्टं मी भर मांडवात काढलं.

तुम्ही हात लावला नाही. टाकीकडे बघत त्याला विचारलंत, ‘दादा, दीस मावळल्यावर काय करता?’

‘मावशी, टाकीला आतून गरम कपडा घातलाय. सकाळपर्यंत पाणी तसंच राहतं.’

‘म्हंजे शिळं.’

तो बिचारा हसला. मी हसले नाही, कारण मला तुमचा चेहरा माहीत होता. ‘शिळं पानी मी माठात ऱ्हाऊ देत नाय,’ तुम्ही वाटेत म्हणालात, ‘अंगावर कशी घीन?’

त्या वर्षी बाग चांगली आली होती. मी यांच्या मागे लागले. खोटं कशाला सांगू, अर्धी हौस तुमच्या डोळ्यांसाठी होती आणि अर्धी कॅम्पात भावजयीला सांगण्यासाठी. माणसं आली, गच्चीवर सांगाडा चढला. नळ न्हाणीत आणायचा तर मध्ये चुल्हाण येत होतं. गवंड्याने विचारलं, ‘काकू, हे काढू का?’ आणि मी, नव्या युगाची राणी, पदर खोचून म्हटलं, ‘काढा. आता त्याचं काय काम?’

तुम्ही शेणाचा हात घेऊन आलात तेव्हा निम्मं चुल्हाण पडलं होतं. मला वाटलं, आता आभाळ कोसळणार. तुम्ही ओरडला नाहीत. त्या मातीकडे बघून हलकेच विचारलंत,

‘वयनी, मग मी कुठं बसू?’

‘बसा की ओट्यावर,’ मी म्हटलं. ‘आराम करा. पुष्कळ केलंत.’

वन्सं, किती प्रेमाने म्हटलं होतं मी ते! आणि किती वर्षं लागली मला कळायला की माहेरी परतलेल्या बाईला ‘पुष्कळ केलंत, आता बसा’ याचा अर्थ काय ऐकू येतो.

दुसऱ्या सकाळचं मात्र आठवलं की अजूनही मला एकटीलाच हसू फुटतं. सांगाडा संध्याकाळी बसला होता. त्याने एक किरणही पाहिला नव्हता. पण मला दम कुठला? मी आळीतल्या बायकांना पहाटेच बोलावून ठेवलं होतं आमचं नवं पाणी बघायला. न्हाणीत गेले, नळ सोडला. बर्फ! आता बाहेर तर सगळ्या उभ्या. मी दाराला कडी घातली, पहिला तांब्या अंगावर घेतला आणि मोठ्याने म्हटलं, ‘आहाहा! काय कढत आहे हो!’

बाहेरून तुमचा आवाज आला, सगळ्या आळीला ऐकू जाईल असा. ‘वयनी, कढत पान्यात दात वाजत्यात व्हय?’

त्या दिवशी आळी पोट धरून हसली. तुम्ही हसला नाहीत. माझ्या लक्षात आलं नाही. मला वाटलं, टोमणा मारला म्हणजे माणूस ठीक आहे.

दुपारी ऊन पडलं, पाणी तापलं, आणि पुढच्या सकाळपासून घर नळाखाली न्हाऊ लागलं. हे खूश, पोरं खूश. तुम्ही सवयीने त्याच वेळेला उठायचात, न्हाणीपाशी यायचात, भिंतीवरचा काळा डाग बघत उभ्या राहायचात आणि ओट्यावर जाऊन बसायचात. हातात काही नाही. जो तो नळ सोडून न्हाऊन जायचा. कुणी हाक मारायचं नाही, ‘आत्या, पाणी काढा.’ स्वतःपुरतं पातेलं तेवढं तुम्ही सैपाकाच्या चुलीवर तापवायचात, माझा सैपाक उरकल्यावर, पाहुण्यासारखं विचारून. मला वाटायचं, हट्ट.

आणि एक दिवस पत्र्याची पेटी ओसरीवर आली. ‘भाऊ, सटाण्याला जाते थोडं दिस. पुतन्यानं बोलावलंय.’ सासरच्या त्या पुतण्याने कधी सणालाही विचारलं नव्हतं. यांनी बसमध्ये बसवून दिलं. घरी येऊन हे जेवले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, ‘मी बसमधून उतरताना आक्काने पाठ थोपटली माझी. न्हाऊ घातल्यावर थोपटायची तशी.’

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. उशीर झाला म्हणा. पण सूर्यही आमच्याकडे न्हाणीत उशिराच पोचला होता.

मी गवंडी बोलावला. परसात, काड्यांच्या ढिगाशेजारी, शेवग्याच्या सावलीला नवं चुल्हाण घालून घेतलं. मग सटाण्याची एसटी धरली. बाजाराचा दिवस होता. कांद्याच्या गोण्यांवरून पाय टाकत तुमच्या पुतण्याचं घर शोधलं. दारात त्याची बायको. ‘काकी मांगे शे,’ म्हणाली, आणि बोट दाखवलं. मागे परसात धूर. धुरात तुम्ही. परक्या घरच्या चुल्हाणापुढे बसून परक्यांचं पाणी तापवत होतात, तशाच, एक गुडघा वर करून. मला बघून उठला नाहीत.

‘काय गं, कॅम्पवाली? वाट चुकली?’

मी घरून निघताना बोलायचं काय काय ठरवलं होतं. माझं चुकलं, घर तुमचं आहे, असं बरंच. कॅम्पातल्या मॅट्रिकला शोभेल असं. तुमच्याकडे बघितलं आणि कळलं की त्यातलं एकही वाक्य तुम्हाला पेलणार नाही. दया आली असं वाटलं असतं. मग मी मला येत होतं ते केलं. खोटं बोलले.

‘यंत्र बिघडलं, वन्सं. नळ्या फुटल्या. पाणी तापत नाही. घरात सगळे पारोसे बसलेत. तुमचा भाऊ गार पाण्याने न्हातो आणि शिंकतो.’

तुम्ही फुंकणी खाली ठेवलीत. ‘आगं बया... एवढ्या थंडीत?’ आणि पुतण्याच्या हंड्याखालचा जाळ तसाच सोडून पेटी घेतलीत.

घरी पोचलो तेव्हा दुपार कलली होती. तुम्ही पायावर पाणी घ्यायला सरळ न्हाणीत गेलात, नळ सोडलात, आणि आतून ‘आई गं!’ ऐकू आलं. तांबडे झालेले पाय घेऊन बाहेर आलात. माझ्याकडे पाहिलंत. मी आभाळाकडे पाहिलं. मग तुम्हाला परसातलं चुल्हाण दिसलं. तुम्ही जवळ गेलात, त्याच्या तोंडावर हात फिरवलात आणि म्हणालात, ‘तोंड मोठं ठेवलंय मेल्यानं. जाळ बाहेर ईल.’ आणि मातीचा गोळा करायला बसलात.

झालं. त्या खोट्याबद्दल त्या दिवशी नाही, नंतर कितीतरी वर्षं नाही, आपण दोघी एक शब्द बोललो नाही.

तिथून पुढे तुम्ही यंत्रही ताब्यात घेतलंत. त्याला कुणी लागतं हे इंजिनियराला तरी कुठं ठाऊक होतं? ‘काच मळली की ऊन आत जात नाय,’ तुम्ही जाहीर केलंत, आणि रोज सकाळी फडकं घेऊन गच्चीवर. टाकीतलं ऊन पाणी सगळ्यांना पुरायचं नाही. आधी उठेल तो दोन बादल्या उपसायचा आणि शेवटचा गारठायचा. तुम्ही न्हाणीच्या दाराशी पाट टाकलात. बागेत औषध मारायला जाणारे आधी, शाळेची पोरं मग, वयनी शेवटी, कारण ‘वयनीला गार पान्यात बी कढत लागतं.’ पुन्हा घरात हाक ऐकू येऊ लागली, ‘आत्या, माझा नंबर?’

आणि स्वतः? स्वतः परसात काड्यांवर पाणी तापवून तेच घ्यायचात. उन्हाचा एक थेंब अंगाला लावून घेतला नाहीत. आपलं ते भांडण इतकं जुनं झालं होतं की सणासारखं यायचं. मी म्हणायची, ‘वन्सं, धूर छातीत जातोय, डॉक्टर काय म्हणाले?’ तुम्ही म्हणायचात, ‘शिळं.’ मी म्हणायची, ‘अहो, ऊन कधी शिळं होतं का?’ तुम्ही म्हणायचात, ‘कालचं ऊन आज शिळंच की. कालची भाकर ताजी म्हनतीस का?’

पण एक गोष्ट मी तुम्हाला कधी सांगितली नाही, ती आज सांगते. एकदा मी गच्चीच्या कठड्यामागे गहू वाळत घालत होते. खाली बोळात शेजारची रखमा तुम्हाला विचारत होती, आमच्याकडे बी घ्यावं का ते यंत्र, मालक इचारत्यात. मी कान टवकारले. आता म्हणणार, शिळं. तुम्ही म्हणालात, ‘घी. डोळं झाकून घी. मी डोळं उघडं ठिवून चुलीफुडं बसले, बघ काय झालं. तुझ्या सुना धुरात नको घालूस.’ रखमा म्हणाली, ‘मग तुमी का नाय न्हात त्या पान्यानं?’

तुम्ही पाझरणारे डोळे पदराने टिपलेत. मग म्हणालात, ‘मी न्हाले त्यानं, तर चुल्हान कुनासाठी पेटवू?’

मी गव्हावरच बसून राहिले. खाली आले नाही.

पुढे रखमाच्या घरावर काच बसली, मग तिच्या दिराच्या, मग आळीच्या टोकापर्यंत. आता सकाळी गच्चीवरून बघितलं की घराघरावर ऊन चमकतं. लोक म्हणतात, कॅम्पवाल्या काकूंनी आणलं. मी मान डोलावते. आणलं मी, गावात पसरवलं ते जिने कधी त्या पाण्याला हात लावला नाही तिने.

आणि आभाळ आलं की मात्र तुमचं राज्य पुन्हा. नात झाली तेव्हाचं आठवतं ना? ऐन थंडीत आभाळ धरून आलं, टाकीतलं पाणी गार, आणि सुईण बाळाच्या आंघोळीला पाणी मागतेय. मी नळापाशी शुंभासारखी उभी. तुम्ही परसातून हंडा आणलात, वाफाळता. माझ्या हातात घंगाळ दिलंत. मी आधी कढत ओतलं, मग विसण. तुम्ही कोपर बुडवून पाहिलंत आणि पोरीला पायांवर घेतलंत. ‘बघ गं बाय, तुझी आजी कवातरी शिकली.’ मी आजी झाले त्या दिवशी मला मिळालेलं हे एकच प्रमाणपत्र.

या थंडीत तुमचा खोकला खाली उतरला. डॉक्टरांनी चुलीजवळ जायचं बंद केलं. तुम्ही अंथरुणावरून परसाकडे बघत राहायचात. मी सकाळी चुल्हाण पेटवायची, तुमच्या अंगाला ओलं फडकं फिरवायला पाणी तापवायची. हो, मी. काड्या खाली, लाकूड वर, बोलणारा जाळ. एक सकाळ मी तुमची पाठ पुसत होते. तुम्ही विचारलंत,

‘कुठलं पानी?’

‘चुलीवरचं.’

तुम्ही मान वळवलीत. त्या धुरकटलेल्या डोळ्यांत एकदम जुना खट्याळपणा. ‘खोटं बोलतीस. सटाण्याला यंत्र बिघडलं म्हनालीस, तवाबी नाकाचा शेंडा असाच लाल झालता.’

म्हणजे नळ सोडायच्या आधीच, सटाण्यालाच, कळलं होतं! मी फडकं तसंच धरून राहिले. ‘मग आलात कशाला, माहीत होतं तर?’

‘न्यायला आली हुतीस ना? मग.’

मी म्हटलं, ‘वन्सं, आत्ताचं खरंच चुलीवरचं आहे हो. शप्पथ.’

‘असूं दे. उन्हाचं असलं तरी असूं दे. ऊन हाय, लय बरं वाटतंय. पूस.’

मी पुसत राहिले. आयुष्यात एकदाच मी या विषयावर तुमच्याशी खरं बोलले आणि तुमचा विश्वास बसला नाही. तुमच्या लेखी तुम्ही त्या सकाळी उन्हाच्या पाण्याखाली होतात आणि तुम्हाला बरं वाटलं होतं. मग भांडण कोण जिंकलं? मी हा हिशेब रोज मांडते आणि रोज चुकते. तुम्ही असतात तर विचारलं असतं. ‘उद्या विचारीन’ असं त्या दिवशीही म्हटलं होतं.

तुम्ही गेलात तेव्हा आभाळ होतं. अंगणात माणसं जमली. रीतीप्रमाणे दाराबाहेर तीन दगड मांडले, हंडा चढवला. कुणीतरी रॉकेल शोधायला लागलं. मी म्हटलं, बाजूला व्हा. परसातून तुम्ही रचलेल्या ढिगातल्या काड्या आणल्या. खाली काड्या, वर लाकूड. एका काडीत पेटलं, वन्सं. एका. मी मागे वळून बघितलं, तुम्ही भिंतीला टेकून पाहिलंत का म्हणून. धूर माझ्याच तोंडावर आला. बरं झालं. धूर आहे तोवर कुणाला कळत नाही, हे तुमचंच शिक्षण.

पाणी तापलं. बायकांनी आडोसा धरला. विसण हवं होतं. रखमा आडाकडे निघाली, मी तिला थांबवलं आणि कळशी घेऊन न्हाणीत गेले. टाकीत दोन दिवसांच्या आभाळाखालचं पाणी होतं. गार म्हणवत नाही, गरम म्हणवत नाही. उन्हाचं. शिळं. मी कळशी भरली. एवढी खोडी मी करणारच होते, तुम्हाला ठाऊक असणार.

घंगाळ पुढे ओढलं. हात हंड्याकडे गेला, आधी कढत ओतलं. रखमा माझ्या कानाशी लागली. ‘काकू, उलटं. आधी गार घ्या, मग कढत. जानाऱ्याची आंघूळ हाय.’

मला माहीत होतं. तुम्हीच तर मनगट धरून शिकवलं होतं. पण हात ऐकेना. पाण्याला आठवत नसेल, हाताला आठवतं. मी म्हटलं, ‘राहू दे गं,’ आणि त्या कढतावर कळशीतलं उन्हाचं विसण घातलं. जित्या माणसाला घालतात तसं. कोपर बुडवून पाहिलं. बरोबर झालं होतं.

पहिला तांब्या भरला. तुमच्या खांद्यावर धरला आणि क्षणभर थांबले. आता बोलाल. शिळं म्हणाल, उलटं म्हणाल, काहीतरी म्हणाल.

मग ओतला.

कुणी माझं मनगट धरलं नाही.